जुनी डबल बार बंदूक घ्यावी का? पेटी आहे, पण आतले खण रिकामे

द्राक्षबागवाला (धागाकर्ता) · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. उत्तर सोलापुरात आमची वस्ती गावापासून अडीच किलोमीटर आत आहे. आई-वडील, मी, बायको आणि दोन पोरं. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या वस्तीवर रात्री चोरटे घुसले, म्हातारा-म्हातारीला बांधून घातलं आणि होतं नव्हतं ते नेलं. त्यानंतर मी शस्त्र परवान्याचा अर्ज केला. चौकशा, जबाब, प्रशिक्षणाचा दाखला, हेलपाटे, सगळं होऊन गेल्या दिवाळीत परवाना हातात आला. १२ बोर, डीबीबीएल, म्हणजे दोन नळ्यांची, मागून भरायची बंदूक. परवान्यावर बंदूक घेण्याची जी मुदत दिली आहे त्यातले आता चार महिने उरलेत.

वडिलांच्या ओळखीतले एक काका वारले. त्यांची बंदूक शहरात एका परवानाधारक दुकानात जमा आहे. काकूंना ती विकायची आहे, ९५ हजार सांगतात. बर्मिंगहॅमची बनावट, शेजारी शेजारी दोन नळ्या, लांबी ३० इंच, दोन चाप. दस्ता अक्रोडाचा, हात धरायच्या जागी घामानं काळा पडलेला. मी दुकानात जाऊन बघून आलो. हातात घेतल्यावर जड वाटत नाही, खांद्याला बरोब्बर बसते.

अडचण वेगळीच आहे. बंदूक कातडी पेटीत आहे. पेटी उघडली की आत हिरवी बनात आणि तिच्यात खण. दस्त्याचा खण भरलेला, नळ्यांचा एक खण भरलेला, बाकी सगळे रिकामे. सफाईचा गज नाही, तेलाची बाटली नाही, घोडे (बार उडवणारे खटके) रिकामे पाडायला खोटी काडतुसं असतात तीही नाहीत. आणि कडेला एक लांबट खण आहे, त्यातल्या बनातीवर दोन नळ्यांचा दाबलेला ठसा स्पष्ट दिसतो. म्हणजे तिथं कधीतरी दुसरी नळीजोडी होती. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, आमच्याकडे आली तेव्हापासून अशीच आहे.

तर प्रश्न असा, एवढं सामान नसताना ९५ हजार द्यावेत का? किती कमी करून मागावं? की नादच सोडावा?

---

सातरस्ता · सोमवार, रात्री ९:५८

गजासाठी आणि बाटलीसाठी कशाला थांबलालास बे? गज नवा मिळतो, तेल मिळतं. ८० हजार म्हण, ८५ ला तुटेल. घेऊन टाक.

---

कडकभाकरी · सोमवार, रात्री १०:०५

बंदुकीतलं मला कळत नाही, पण पेटीचा फोटो टाका की. हिरव्या बनातीची पेटी ऐकूनच बघावीशी वाटली.

---

द्राक्षबागवाला · सोमवार, रात्री १०:११

फोटो मुद्दाम टाकत नाही, बंदुकीवर नंबर आहे आणि काकूंना विचारलेलं नाही. राग मानू नका.

---

भुईकोट · सोमवार, रात्री १०:३०

फोटो टाकला नाहीत ते उत्तम केलंत.

माझं मत सातरस्तांच्या उलट आहे. गज, बाटली, खोटी काडतुसं ही किरकोळ बाब. दुसरी नळीजोडी किरकोळ नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात अग्निशस्त्राच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. नळी म्हणजे टोपीचं झाकण नव्हे, की हरवली तर हरवली. ती आज कुणाच्या घरात आहे? कुणी विकली, कुणाला विकली? काकांच्या मूळ परवान्यावर दोन नळीजोड्यांची नोंद असेल आणि तुम्ही एकच घेऊन सही केलीत, तर उद्या विचारणा झाल्यावर काकू आणि तुम्ही दोघंही उत्तर शोधत बसाल.

पैसे किती कमी करायचे हा प्रश्न नंतर. आधी काकांची जुनी परवाना-पुस्तिका मागून घ्या. सगळ्यात जुनी, पिवळी पडलेली.

---

माळावरचा_पोरगा · सोमवार, रात्री १०:४२

दादा, बंदूक आली की आमच्याकडं पण या एकदा. हरणांनी ज्वारी ठेवली नाही. शंभर-शंभराचा कळप येतो रात्री.

---

नान्नजकर · सोमवार, रात्री ११:०२

@माळावरचा_पोरगा, तुझं नुकसान खरं आहे, मी नान्नजचाच आहे, माझ्याही शेतात काळवीट येतात. पण हे इथं लिहूसुद्धा नकोस. काळवीट १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, जामीन मिळायला घाम फुटतो. रानडुकरालाही वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय हात लावता येत नाही. आणि धागाकर्त्यांचा परवाना संरक्षणासाठी आहे, शेजाऱ्याच्या पिकासाठी नाही. नुकसानीचा पंचनामा करून घे, वनखात्याकडे भरपाईचा अर्ज कर. मला मिळाली आहे, उशिरा मिळाली पण मिळाली. व्यनि (खासगी निरोप) कर, अर्ज कसा लिहिला ते सांगतो.

---

माळावरचा_पोरगा · सोमवार, रात्री ११:०९

बरं काका. चुकलं. व्यनि करतो.

---

जुनाबार · मंगळवार, सकाळी ६:५०

मी १९८१ पासून परवानाधारक आहे, मुक्काम बार्शी. थोडं सविस्तर लिहितो.

भुईकोट यांनी कागदाचं बरोबर सांगितलं. मी लोखंडाचं सांगतो. रिकामे खण बघून तुमचं सगळं लक्ष जे नाही त्याच्याकडे गेलंय. जे आहे ते नीट बघितलंत का? जुन्या बंदुकीत या गोष्टी बघायच्या, दुकानदाराच्या समोर, त्याच्याच टेबलावर, आधी दोन्ही नळ्या मोकळ्या आहेत याची स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करून:

नळ्यांखालचं पुढचं लाकूड काढा. मग दस्त्याची मूठ घट्ट धरून बंदूक हलवा. नळ्या आणि मागचं लोखंड यांच्यात खुळखुळ जाणवली तर बिजागरी झिजली आहे. पुढचं लाकूड बसवलेलं असताना ही खुळखुळ दबून जाते, म्हणून विकणारा ते काढू देत नाही. काढायलाच लावा.

नळ्या सुट्या करून खालच्या आकड्यानं बोटावर लटकवा आणि नखानं टिचकी मारा. देवळातल्या घंटेसारखा लांब ठण्ण आवाज यायला हवा. फुटक्या माठासारखा आला तर दोन नळ्यांमधली पट्टी सुटली आहे.

नळीतून खिडकीच्या उजेडाकडे बघा. आत उजेडाची एकात एक वर्तुळं दिसतात. वर्तुळ कुठं वाकडं झालं तर तिथं पोचा आहे. काळे ठिपके म्हणजे गंजाने खाल्लेलं.

तीन ठिकाणचा नंबर जुळवा. मागच्या लोखंडावर, नळ्यांच्या बुडाला, आणि पुढच्या लाकडाच्या आतल्या लोखंडी पट्टीवर. हे लाकूड त्या त्या बंदुकीला हातानं घासून बसवलेलं असतं. दुसऱ्या बंदुकीचं आणून बसत नाही, बसलं तरी विश्वासाचं नाही.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. नळ्यांच्या बुडाशी सपाट जागेवर बारीक शिक्के असतात. बर्मिंगहॅमचं चाचणीगृह १८१३ पासूनचं आहे, तिथली प्रत्येक नळी जादा दाबाचा बार काढून तपासलेली असते आणि तिथंच शिक्का बसतो. मुकुटाखाली बीएनपी अशी अक्षरं दिसली तर ती धूर न करणाऱ्या दारूसाठी तपासलेली आहे. १९५४ नंतरची असेल तर किती टन दाबाच्या काडतुसांसाठी तपासली तेही कोरलेलं असतं. आणि काडतुसाच्या घराची लांबी. ती अडीच इंच आहे की पावणेतीन, ते मला कळवा.

---

सातरस्ता · मंगळवार, सकाळी ९:१५

लांबीनं काय फरक पडतो काका? १२ बोर म्हणजे १२ बोर ना?

---

जुनाबार · मंगळवार, सकाळी १०:२०

चांगला प्रश्न आहे, कारण माणसं इथंच फसतात. १२ बोर हे नळीच्या रुंदीचं माप. एका पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक बसेल एवढी रुंदी, साधारण साडेअठरा मिलिमीटर. लांबी वेगळी. काडतुसाच्या खोक्यावर ६५ (अडीच इंची घरासाठी) किंवा ७० मिलिमीटर (पावणेतीन इंचीसाठी) लिहिलेलं असतं, ते उडून तोंड उघडल्यानंतरचं माप आहे. उडण्याआधी तोंड दुमडलेलं असतं, त्यामुळे काडतूस आखूड दिसतं.

म्हणून ७० चं काडतूस ६५ च्या घरात अगदी सहज बसतं. बंदूक बंद होते, काही अडत नाही. बार उडाला की दुमडलेलं तोंड उघडायला जागा नसते, ते पुढच्या अरुंद गळ्यात उघडतं, छर्रे अडतात आणि दाब भलताच वाढतो. अडीच इंचाच्या जुन्या बंदुकीत कुणी खडकीच्या कारखान्यातली ७० ची काडतुसं घालून वर्षानुवर्षं उडवली असतील, तर ती बंदूक आतून थकलेली असते. वरून चकाचक दिसेल.

---

शेवंता_मोहोळ · मंगळवार, दुपारी १२:३५

मला मनापासून एक वेगळं सांगायचं आहे. घेऊ नका असंच मी म्हणेन.

माझं माहेर मोहोळ तालुक्यात. माळवदाचं घर होतं. आजोबांची बंदूक सोप्यातल्या खुंटीला टांगलेली असायची, भरलेली, कारण चोर आला तर भरायला वेळ कुठला, असं ते म्हणायचे. मी सात वर्षांची. धाकटा चुलतभाऊ पतंग काढायला पाटावर चढला, त्याचा हात लागून बंदूक खाली आली आणि बार उडाला. छर्रे वर गेले. माळवदाच्या दोन सरांमधून आरपार भोक पडलं. माती भुरुभुरू खाली पडत होती आणि आम्ही सगळी पोरं पांढरी होऊन उभी होतो. माझ्या भावाच्या डोक्यापासून ते भोक दोन वीत लांब होतं. पुढं किती पावसाळे तिथून पाणी गळायचं आणि आजी खाली तांब्या ठेवायची. तिनं ते बुजवू दिलं नाही.

तुमच्या घरात दोन पोरं आहेत. चोर वर्षातून एखादे रात्री येईल की नाही, पोरं रोज आहेत.

---

द्राक्षबागवाला · मंगळवार, दुपारी १:१०

शेवंताताई, वाचून हात थांबला. खोटं बोलत नाही, हा विचार बायकोनं पहिल्या दिवशीच मांडला होता. आमचं ठरलंय ते असं की भिंतीत बसवलेलं लोखंडी कपाट, नळ्या आणि दस्ता सुटे करून वेगळे, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, किल्ली फक्त माझ्याकडे आणि वडिलांकडे. भरून ठेवायची नाही, कधीच नाही. तुमच्या आजीचा तांब्या मात्र डोक्यातून जाणार नाही.

---

उजनीकाठ · मंगळवार, दुपारी २:०२

शेवंताताईंशी सहमत. चांगली दोन कुत्री, वस्तीभोवती दिवे आणि शेजारच्या चार वस्त्यांचा मिळून फोनचा ग्रुप. आमच्याकडं माढ्यात ग्रुपवर निरोप पडला की पाच मिनिटांत वीस माणसं काठ्या घेऊन जमतात. चोर बंदुकीला भीत नाही, गर्दीला भितो.

---

भुईकोट · मंगळवार, दुपारी २:४०

कुत्री आणि दिवे हवेतच, पण शेजारच्या वस्तीवर जे झालं त्या रात्री तिथंही कुत्री होती का, हे धागाकर्त्यांनाच माहीत. परवाना त्यांना प्रशासनानं सगळी चौकशी करून दिलेला आहे, घ्यायची की नाही हा त्यांच्या घरचा निर्णय. आपण कुठली घ्यायची एवढंच बोलू.

---

द्राक्षबागवाला · मंगळवार, दुपारी २:५५

होती. दोन्ही कुत्र्यांना आधी काहीतरी खायला घालून मारलं होतं.

---

गड्डायात्रा · मंगळवार, सायंकाळी ६:१८

विषय निघालाच आहे तर, अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार कुणी पाहिलं नसेल तर जरूर पाहा. मी शाळेच्या सहलीत गेलो होतो, भिंतीच्या भिंती भरून बंदुका. त्यात कातडी पेट्यांतल्या जोड्याही होत्या असं पुसट आठवतं. तेव्हा आम्हा पोरांचं लक्ष तलवारींवर होतं.

आणि हो, बंदूक आली म्हणून लग्नात बार काढू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदात हवेत बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आमच्या सोलापूरच्या गड्डा यात्रेचं शोभेचं दारूकाम आहे की तेवढ्या हौसेला!

---

मालदांडी · मंगळवार, सायंकाळी ७:३०

गड्ड्याचं दारूकाम म्हटलं की थंडी आणि होम मैदान... पुण्यात बसून डोळ्यांत पाणी आलं. कुणी हुरड्याचं ठरवलं असेल तर कळवा, मंगळवेढ्याहून कणसं मी आणतो.

---

कडकभाकरी · मंगळवार, सायंकाळी ७:३४

शेंगाचटणी माझ्याकडं.

---

भुईकोट · मंगळवार, रात्री ८:५०

हुरड्याचा वेगळा धागा काढा, मी पण येतो. :)

विषयावर येतो. व्यवहाराचा मार्ग सांगतो, कारण वाचणाऱ्यांत आणखी कुणाला उपयोग होईल. खासगी माणसानं खासगी माणसाला बंदूक द्यायची तर विकणाऱ्यानं आधी जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. घेणाऱ्याकडे त्याच प्रकारच्या शस्त्राचा परवाना हवा. चार महिन्यांतले दीड महिने असे गेले, हे धरून चाला. इथं मूळ परवानाधारक वारलेले आहेत, त्यामुळे वारसांचा प्रश्नही आहे. काकू एकट्या वारस नसतील तर बाकीच्यांची लेखी संमती घ्या. बंदूक दुकानात जमा आहे, ती दुकानामार्फतच घ्या, पावती आणि नोंदवही दोन्ही नीट राहतात.

तुमची वस्ती ग्रामीण भागात, म्हणजे परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडचा. काकांचं घर शहरात, म्हणजे त्यांचा पोलीस आयुक्तालयाचा असणार. दोन कचेऱ्या, हे लक्षात ठेवा.

आणि 'दोन दिवस वस्तीवर नेऊन चालवून बघा, मग ठरवा' असं कुणी प्रेमानं म्हणालं तर नाही म्हणा. तुमच्या परवान्यावर नोंद नसलेली बंदूक तासभरसुद्धा तुमच्या घरात नको.

---

सातरस्ता · मंगळवार, रात्री ९:०५

मी सोमवारी 'घेऊन टाक' म्हणालो ते मागं घेतो. वाचून शिकलो.

---

द्राक्षबागवाला · गुरुवार, रात्री १०:१५

मंडळी, काल काकूंकडे जाऊन आलो, आज दुकानात. दोन्हीकडचं सांगतो.

काकूंनी ट्रंक उघडली. त्यात काकांच्या वडिलांची परवाना-पुस्तिका निघाली, कडा वाळवीनं खाल्लेल्या. भुईकोट, तुम्ही म्हणालात तसंच. आत शाईनं नोंद आहे, बंदूक एक, नळीजोड्या दोन, एक ३० इंची, एक २६ इंची. आणि तीन पानं पुढं दुसरी नोंद, आखूड नळीजोडी विक्रेत्याकडे दिली, तारीख, सही आणि दुकानाचा गोल शिक्का. काकूंनी हे आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. म्हणाल्या, बरं झालं बाबा, माझ्या मनावर ओझं राहिलं असतं. पोस्टातली जुनी माणसं करतात तसं त्यांनी ते पान हातानं सरळ केलं आणि पुस्तिका परत फडक्यात बांधली. त्यांची मुलगी पुण्याला असते, ती संमती द्यायला तयार आहे.

म्हणजे बनातीवरच्या ठशाचा हिशोब लागला.

मग आज दुकानात. जुनाबार काका, तुम्ही सांगितलेलं एकेक केलं. पुढचं लाकूड काढून हलवलं, हूं नाही की चूं नाही. टिचकी मारली तर असा ठण्ण आवाज आला की दुकानातला पोऱ्या वळून बघायला लागला. आत वर्तुळं सरळ, डाव्या नळीत तोंडाशी दोन-चार काळे ठिपके. नंबर तिन्ही ठिकाणी एकच. बुडाशी मुकुट आणि बीएनपी, पुढे अडीच इंच आणि ३ टन असं कोरलेलं. मी तर मनातल्या मनात पैसे मोजायला लागलो होतो.

---

सातरस्ता · गुरुवार, रात्री १०:२१

मग झालं की! अभिनंदन!

---

जुनाबार · गुरुवार, रात्री १०:३३

थांबा. अडीच इंच कोरलेलं आहे, पण मोजलंत का? तिथं मापपट्टी चालत नाही, काडतुसाच्या घराचं गेज लागतं. जुन्या बंदुकांत सत्तरची काडतुसं घालता यावीत म्हणून कुणाकुणाकडून ते घर पुढं कोरून वाढवून घेतलेलं असतं. कोरलं की तिथली भिंत पातळ होते, आणि शिक्का मात्र जुन्याच मापाचा राहतो. त्या नळीची नव्या मापाला चाचणी झालेलीच नसते.

---

द्राक्षबागवाला · गुरुवार, रात्री १०:३६

नाही मोजलं. दुकानदाराकडे गेज आहे का विचारतो.

---

शेवंता_मोहोळ · गुरुवार, रात्री ११:००

घेऊ नका हे माझं मत कायम आहे, पण तुम्ही ज्या काळजीनं बघताय ते पाहून बरं वाटलं. कपाट आधी बसवा, बंदूक नंतर आणा, एवढं ऐका.

---

नेमबाज_कोल्हापूर · शुक्रवार, सकाळी ८:४०

उशिरा आलो. मी ट्रॅप, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्यांवरची नेमबाजी, खेळतो. आमच्याकडच्या नव्या बंदुकांत नळीच्या तोंडाला फिरकीचे चोक असतात, आटे असलेली छोटी नळकांडी. छर्रे किती पसरायचे ते त्यावर ठरतं. तशी जुनी बंदूक कुणी घेत असेल आणि चोक गहाळ असतील तर ते निव्वळ सामान समजू नये. चोक न लावता बार काढले की आटे खराब होतात, मग नवा चोक आणून बसत नाही. बऱ्याच कंपन्यांचे आटे वेगळे. धागाकर्त्यांच्या बंदुकीत चोक नळीतच कोरलेला असणार, त्यामुळे ती भानगड नाही.

राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ ला अथेन्स ऑलिंपिकला डबल ट्रॅपचं रौप्य मिळवलं तेव्हा मी दहावीत होतो. त्या रात्री ठरवलं होतं की हेच करायचं. आमच्या कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे २०२४ ला रायफलमध्ये कांस्य घेऊन आला तेव्हा मैदानावरची सगळी पोरं रडली होती. सोलापुरातून कुणी शॉटगनकडे वळत असेल तर मला जरूर लिहा.

---

कडकभाकरी · शुक्रवार, सकाळी ९:०२

माझी पुतणी १६ वर्षांची आहे, एअर रायफल खेळते. तिला तुमचा निरोप देते.

---

द्राक्षबागवाला · शनिवार, सायंकाळी ५:२५

दुकानदाराकडे गेज नव्हतं. त्यानं त्याच्या ओळखीचा परवानाधारक दुरुस्ती कारागीर बोलावला. सत्तरीचे गृहस्थ, जाड काचांचा चष्मा, कापडी पिशवीत सगळी हत्यारं फडक्यात गुंडाळलेली. त्यांनी आधी नळ्या स्वच्छ पुसल्या. मग पितळेचं एक गेज हळूच उजव्या नळीत सोडलं. गेजवर दोन रेघा कोरलेल्या आहेत. अडीच इंचाची रेघ आत गेली. पुढची, पावणेतीनची रेघ, ती नळीच्या काठाशी येऊन थांबली. डाव्या नळीत तसंच. त्यांनी तीनदा करून दाखवलं, मलाही करायला दिलं.

मग चष्मा वर सरकवून म्हणाले, "हे घर कुणीतरी वाढवलंय. चांगल्या हातानं वाढवलंय, पण वाढवलंय. तुम्ही पेटीत काय नाही ते शोधत होता. इथं नळीतलं लोखंड गेलंय, ते आणून बसवता येत नाही."

मी विचारलं, ६५ चीच काडतुसं वापरली तर? ते म्हणाले, तुम्ही वापराल, तुमच्या नंतर पोरगा दुकानात जाऊन मिळेल ते खोकं आणेल. मला त्याच क्षणी शेवंताताईंच्या माळवदाचं भोक आठवलं.

नाही घेतली.

काकूंना फोनवर सांगणं जिवावर आलं होतं, म्हणून समक्ष गेलो. सगळं जसंच्या तसं सांगितलं, कारागिरांचं लेखी टिपणही दिलं, म्हणजे पुढचा कुणी आला तर त्याच्यापासून लपवायला नको. काकू थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, दुसऱ्याच्या पोराला इजा होणार असेल तर मला ते पैसे नकोत. कायद्यानं जमा करायची काय रीत आहे ते विचारून ये. चहा दिला, वर शेंगाचटणीचा डबा दिला.

---

जुनाबार · शनिवार, सायंकाळी ६:१०

योग्य केलंत. ती जुनी बंदूक बघून मलाही मोह झाला असता.

काकूंसाठी: बंदूक दुकानात रीतसर जमा आहे, तोवर त्यांना घाबरायचं कारण नाही. ज्या कचेरीनं काकांना परवाना दिला तिथं वारस म्हणून लेखी अर्ज द्यायचा, की आम्हाला ठेवायची नाही आणि विकायचीही नाही. पोच घ्यायची आणि त्या पिवळ्या पुस्तिकेची एक प्रत सोबत जोडायची.

---

भुईकोट · शनिवार, सायंकाळी ६:३२

+१. अर्जाचा मसुदा मी लिहून देतो, काकूंचं नाव मला कळवू नका, जागा रिकामी सोडतो. तुमच्या मुदतवाढीचा अर्जही आत्ताच द्या, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. कारण म्हणून कारागिरांच्या टिपणाची प्रत लावा.

---

सातरस्ता · शनिवार, सायंकाळी ६:४०

आता काय घेणार मग? परत जुनीच बघणार की नवी?

---

द्राक्षबागवाला · शनिवार, रात्री ८:०५

नवीच, आपल्या आयुध निर्माणीची बघतो आहे, ७० मिलिमीटर घराची. पेटी साधी असली तरी चालेल. कपाटाचं माप घ्यायला लोहार सोमवारी येतोय, शेवंताताई.

जुनाबार काका, नवी असली तरी घेताना तुम्ही सोबत आलात तर फार बरं होईल. बार्शीहून न्यायला-आणायला मी गाडी घेऊन येतो.

---

जुनाबार · शनिवार, रात्री ८:२०

येतो की. रविवार सोडून कुठलाही वार सांगा, रविवारी नातवंडं असतात. आणि गाडीत त्या चटणीचा डबा ठेवा.